अडते कधी ते लिही

बेला, जि. आदिलाबाद
९ नोव्हेंबर २०२५

मामा,

तुमचे पाय पांढरकवड्यात आहेत, म्हणून इथूनच वाकते. फोनवर तुम्हाला ऐकू जात नाही आणि मी ओरडून बोलले की आमची अख्खी गल्ली दारात येते, म्हणून हे पत्र. रामाजी कापसाचा टेम्पो घेऊन आठवड्यातून दोनदा तिकडे येतो. तो पत्र हातात देईल, उत्तरही त्याच्याच हाती द्या.

काम असं आहे. तुम्ही छत्तीस वर्षं एसटीच्या आगारात इंजिनांशी भांडलात, त्यात कान गमावलेत. आता भाचीच्या गाडीशी भांडायचं आहे.

यांनी मागच्या वर्षी दुकानाच्या कामाला म्हणून जुनी गाडी घेतली, तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानाला तिचं काही काम पडलं नाही. उन्हाळ्यात मी चालवायला शिकले, मागची सीट काढून टाकली आणि वांगी, मेथी, टमाटे घेऊन आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, स्वतः जाऊन बसू लागले. आधी व्यापाऱ्याचा टेम्पो शेतावर यायचा, तो म्हणेल तो भाव आणि तो म्हणेल ते वजन. आता तराजू माझा. तेलुगू गिऱ्हाइकं "अक्का" म्हणून हाक मारतात. मामा, बेल्यात मी सुरेंद्रची बायको आणि सोजरबाईची सून. तिथं बाजारात मी सुनयना आहे. ते मला सोडायचं नाही.

पण दिवाळीपासून गाडी लहरी झाली. एका दिवशी किल्ली फिरवली की लगेच सुरू, दुसऱ्या दिवशी काही केल्या नाही. काल तर बाजारातच अडली. हे दुकान बंद करून मोटरसायकलवर धावत आले, आणि हे आले तर पहिल्या फटक्यात सुरू! चार लोकांसमोर मी वेडी ठरले.

घरी आल्यावर यांनी फर्मान काढलं, "पाह्य सुनयना, मी दुकान सोडून कितीदा येऊ? अजून तीनदा अडली का विकून टाकतो. मंचेरियलचा एक जन कवाचा मागून राह्यला."

तीनदा, मामा. लवकर लिहा.

तुमची
सुनयना


पांढरकवडा
१२ नोव्हेंबर

चि. सुनयना,

आशीर्वाद आहेतच, ते पत्रात वेगळे लिहीत बसत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात बाजार आहे, अक्का आहे, नवऱ्याचं फर्मान आहे. गाडी कुठंच नाही. "सुरू होत नाही" हे काय लक्षण झालं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलंस तर तो सुई कुठं टोचणार?

आता विचारतो त्याची नीट उत्तरं दे. किल्ली फिरवल्यावर आवाज अजिबात येत नाही, की नुसती टकटक होते, की इंजिन घुर्रघुर्र फिरतं आणि पेट घेत नाही? तिन्ही रोग वेगळे आहेत. स्टिअरिंगमागच्या तबकडीच्या काचेत दिवे कोणते लागतात? थंड असताना अडते की तापल्यावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हे दुखणं सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बदललं? मग ते कितीही किरकोळ असो.

एक वही घे. रोज गाडी सुरू करताना वेळ, हवा, गाडीत कोण, काय ठेवलंय, सगळं लिही. अडली की लिही आणि नाही अडली तरी लिही. रोज अडणारी गाडी कुणीही दुरुस्त करतो. मधूनच अडणारी गाडी ज्याला अडते कधी ते कळलं, त्यालाच सापडते.

पूर्वी मी बॉनेटला कान लावला की दुखणं सांगायचो. आता बॉनेटवर डोकं आपटलं तरी ऐकू येत नाही. तेव्हा कान तू हो, बाकीचं मी पाहतो.

दरम्यान बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी भुकटी धरली असेल तर गरम पाण्यानं धुऊन घट्ट कर. तेवढ्यानं जाण्यासारखं असेल तर बरंच आहे.

उद्धवमामा


बेला
१६ नोव्हेंबर

मामा,

वही घेतली. दुकानातलीच, दोनशे पानी. हे म्हणाले, "येवढी जाड कायले? तीन पानांत खेळ खतम." मी ऐकलं नाही.

उत्तरं देते. इंजिन फिरतं, अगदी जोरात फिरतं, पण पेट घेत नाही. म्हणजे तिसरा रोग. थंड असतानाही अडली आहे आणि तापल्यावरही. दिवे कोणते ते सांगता येत नाही, कारण दसऱ्याला सासूबाईंनी त्याच काचेवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली आहेत. ती पुसली तर घरात माझाच दिवा लागेल. बोटांच्या मागे काहीतरी लाल लुकलुकतं खरं, पण ते काय ते दिसत नाही.

बदल विचारलेत. मागची सीट उन्हाळ्यात काढली. मागचं एक टायर नवं. दसऱ्याला आमच्याकडे विळे, तराजू, मापं, किल्ल्या सगळं धुऊन पुजतात, तेव्हा गाडीची किल्ली पाट्यावर पडून तिचं प्लास्टिकचं डोकं फुटलं. यांनी आदिलाबादला किल्लीवाल्याकडून नवं डोकं बसवून आणलं. पण त्यानंतर दिवाळीपर्यंत गाडी छान चालली, म्हणजे त्याचा काही संबंध नसावा. हॉर्नही बदलला. बस, एवढंच.

बॅटरी धुतली. तरी गुरुवारी सकाळी दारातच अडली. टमाटे भरून झाले होते. अर्ध्या तासानं सुरू झाली. हे दाढी करत होते, आरशातूनच एक बोट दाखवलं. 

घरात एक उपाय सांगितला जातो आहे, पण तो तुम्हाला कळवण्यासारखा नाही.

सुनयना


पांढरकवडा
२० नोव्हेंबर

चि. सुनयना,

आता गाडी दिसायला लागली. इंजिन फिरतं आणि पेटत नाही, म्हणजे एकतर ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल येत नाही. माझा संशय पेट्रोलच्या पंपावर आहे. किल्ली अर्धी फिरव, इंजिन सुरू करू नकोस आणि मागच्या बाजूला कान दे. दोन सेकंद भुंग्यासारखा आवाज यायला हवा. अडलेल्या दिवशी तो आला नाही तर चोर सापडला. मग टाकीखाली मुठीनं दोन ठोसे दे, झोपलेला पंप जागा होतो. प्लगही बदलून टाक.

आमच्या आगारात एक गाडी होती, फक्त मंगळवारीच अडायची. चालकानं अमंगळ म्हणून तिला हात लावायचं सोडलं. मी आठ दिवस तिच्याजवळ बसलो. सोमवारी संध्याकाळी झाडूवाला बॉनेट उघडून आतपर्यंत नळी मारायचा, पाणी वायरींत शिरायचं, दुसरं काय! तोवर त्या गाडीला सात नारळ फुटले होते आणि चार लिंबं लटकली होती.

तुझ्या घरातला उपाय काय असेल ते मी ओळखलं. लिंबू, बिब्बा, काळा दोरा यांतलं काही असेल तर मला खरंच कळवू नकोस. उभं आयुष्य मी ते गाड्यांवरून कापून फेकत आलो. लोक गाडीकडे पाहत नाहीत आणि लिंबाकडे पाहतात, याचा मला मनापासून राग आहे. तू माझी भाची आहेस. वही सोडू नकोस.

उद्धवमामा


बेला
४ डिसेंबर

मामा,

पंप नाही. भुंगा रोज गातो, अडलेल्या दिवशीही गातो. तरी मी टाकीखाली ठोसे दिले आणि माझी मूठ सुजली. प्लग बदलले. सोमवारी पहाटे चाळीस जुड्या मेथी गाडीत भरली आणि गाडी अडली. तासभर किल्ली फिरवत बसले. उन्हं वर आली, मेथी माना टाकू लागली. शेवटी जुन्या व्यापाऱ्याचाच टेम्पो आला. तो मिशीतल्या मिशीत हसला आणि जुड्या न मोजताच उचलून घेऊन गेला.

हे ओट्यावर उभे होते. "दोन," म्हणाले.

रागावून नव्हते म्हणाले, हेच वाईट. यांचंही चुकत नाही, मामा. गिऱ्हाईक उभं असताना दुकानाचं शटर ओढून मला आणायला येतात, परत गेले की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलेलं असतं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. व्यापाऱ्याचं हसू काही डोळ्यांपुढून जाईना.

वहीची पानं फाडून पाठवते आहे. तुम्हीच पाहा.

सुनयना


पांढरकवडा
९ डिसेंबर

चि. सुनयना,

वहीची पानं घेऊन दोन दिवस बसलो. ऊन, थंडी, सकाळ, संध्याकाळ, टाकीत पेट्रोल किती, सगळं ताडून पाहिलं. काही जुळत नाही. आधी वाटलं, इंजिनाजवळचा एखादा सेन्सर तापून दगा देत असेल. पण ती थंडगार असतानाही अडते, म्हणजे तेही गेलं. खरं सांगतो, माझं डोकं चालेनासं झालं आहे.

पण एक दिसलं. जवळपास प्रत्येक दिवसाखाली तू एक ओळ लिहून खोडली आहेस. काही ठिकाणी तर इतकी गिरवली आहेस की कागद फाटला. आणि बरोबर तीच ओळ मला वाचता येत नाही.

काय खोडलंस?

मी रागावेन म्हणून खोडलं असशील तर मी मागच्या पत्रातला माझा शहाणपणा मागे घेतो. मेकॅनिकला जे सांगायची लाज वाटते, बहुतेक वेळा तिथंच बिघाड असतो. आगारात चालक सगळं सांगायचे, फक्त गाडी खड्ड्यात घातली ते सांगायचे नाहीत.

लिही. तिसरी वेळ यायच्या आत लिही.

उद्धवमामा


बेला
२१ डिसेंबर

मामा,

बारा दिवस लागले हे लिहायला. या बारा दिवसांत गाडी एकदाही अडली नाही, आणि का नाही अडली हेच सांगायचं आहे.

आमच्या सासूबाईंनी दसऱ्याच्या संध्याकाळी लाल फडक्याची एक इवलीशी पुरचुंडी शिवली आणि गाडीच्या किल्लीला बांधली. दिवाळीपर्यंत ती तशीच होती. मग मला ती नकोशी झाली. चालवताना गुडघ्याला लागते, आणि बाजारात शेजारच्या बायका विचारतात, "ताईत बांधला का वं गाडीले?" मी ती सोडून समोरच्या आरशाला अडकवली. फेकली नाही. आईंनी पाहिलं की पुन्हा किल्लीला बांधायच्या. मी पुन्हा सोडायचे. तोंडानं भांडण नाही. त्या फक्त म्हणायच्या, "ते तिथंच राहू दे वं, काडू नको." मी "हो" म्हणायचे आणि एखाद्या दिवशी गाडीत बसलं की काढायचे.

मी खोडलेली ओळ रोज एकच होती. पुरचुंडी किल्लीला, किंवा पुरचुंडी आरशाला.

आरशाला असली की अडते. किल्लीला असली की सुरू होते. बाजारात अडली त्या दिवशी हे येताना दिसले म्हणून मीच ती घाईनं किल्लीला बांधली होती. एकदा किल्लीला असूनही अडली, तेव्हा दोरा लांब होता. आईंनी आखूड केला तर लागली. गेले बारा दिवस मी हात लावला नाही, आणि बारा दिवस ती सुतासारखी सरळ आहे.

मामा, मला हे खरं असायला नको आहे. मी गाडी शिकले, पंपाचा आवाज ओळखायला शिकले, प्लग काढून घासले. आणि शेवटी गल्लीत काय बोललं जाणार, तर सोजरबाईच्या ताईतानं गाडी चालते, सुनेचं त्यात काय! मग मी बाजारात पोचले तरी ते माझं पोचणं राहत नाही. म्हणून खोडत होते. तुमच्याही नजरेतून उतरायचं नव्हतं.

आता उतरले असेन तर तसं लिहा, पण लिहा.

सुनयना


पांढरकवडा
२७ डिसेंबर

चि. सुनयना,

पत्र वाचून पहिल्यांदा ते फाडावंसं वाटलं. मग चहा घेतला. मग विचार केला की या पोरीनं हे लिहायला बारा दिवस घेतले, माझ्यासारख्या चक्रमाला भिऊन. माझाच मला राग आला.

नजरेतून उतरायचा प्रश्न नाही. दोन महिन्यांत गाडीबद्दल एवढी पक्की बातमी हीच पहिली. असली की सुरू, नसली की बंद, लांब दोरा असला की बंद. यंत्र कुणाला भिऊन वागत नाही. त्या पुरचुंडीत काहीतरी आहे, आणि ते किल्लीच्या जवळ असावं लागतं.

पण काय असेल ते मला सुचेना. म्हणून मारोतीकडे गेलो. माझ्या हाताखाली शिकलेला, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्याच्या दारात उभं राहून "मला कळत नाही, तू सांग" म्हणायला मला जड गेलं, हेही लिहून टाकतो. तो हळू बोलतो, मला ऐकू येत नाही, तेव्हा त्यानं पाटीवर खडूनं लिहिलं: "किल्ली बदलली का?"

आणि मला तुझं सोळा नोव्हेंबरचं पत्र आठवलं. तू लिहिलं होतंस. मीच वाचून पुढं गेलो. आमच्या एसटीत किल्ली म्हणजे लोखंडाचा तुकडा, तिला कुठलं डोकं आणि कसलं काय!

मारोती सांगतो ते असं. आजकालच्या गाड्यांच्या किल्लीत, त्या प्लास्टिकच्या डोक्यात, एक लहानसा काळा तुकडा असतो. चिप म्हणतात. तिला बॅटरी लागत नाही. गाडी किल्लीतल्या त्या तुकड्याला ओळखते, तेव्हाच इंजिनाला पेटू देते. चोरानं नुसती किल्ली बनवली तर इंजिन फिरत राहील, पेटणार नाही. कुंकवामागं तुला जो लाल दिवा लुकलुकताना दिसतो, तो बहुधा हेच ओरडून सांगत होता. तुझ्या किल्लीवाल्यानं पातं नव्या डोक्यात बसवलं, पण चिप त्याच्याकडे पोचलीच नसणार.

मग ती कुठं आहे? मला वाटतं, लाल फडक्यात.

पुरचुंडी उघड. पण सासूबाईंना विचारून उघड, त्यांच्यासमोर. मी आयुष्यभर न विचारता कापत आलो.

उद्धवमामा


बेला
४ जानेवारी २०२६

मामा,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. एक दिवस आधी यायला हवं होतं.

सोमवारी मंचेरियलचा तो माणूस गाडी बघायला आला. यांनी त्याला नुसती बघायला म्हणून बोलावलं होतं म्हणे. मी शेतात होते. यांनी गाडी धुतली, पुसली, काचेवरची हळदीकुंकवाची बोटं घासून काढली, आणि घाण दिसते म्हणून किल्लीची पुरचुंडी सोडून कोनाड्यात टाकली. मग ऐटीत किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र. शेजारच्या पोरांनी धक्का मारला. तो माणूस दोन कप चहा प्याला आणि हिंदीत म्हणाला, "पहले चालू तो करो सेठ, फिर बात करेंगे." संक्रांतीनंतर येतो म्हणून गेला.

मी घरी आले तर हे तीन बोटं घेऊन बसलेले.

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं, सगळं, तुमचं लिंबाचं लेक्चर सोडून. त्यांनी उठून कोनाड्यातून पुरचुंडी काढली, सुईनं एकेक टाका उसवला. आतून हळद लागलेले तांदळाचे दाणे निघाले आणि एक काळा, चपटा तुकडा, वालाच्या दाण्याएवढा.

मी तो किल्लीच्या डोक्याला धरला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. बाजूला ठेवला, बंद. धरला, सुरू. पाच वेळा केलं. हे शेजारी उभे राहून पाहत होते. काचेत किल्लीच्या चित्राचा लाल दिवा, तुकडा लांब नेला की लुकलुकायचा आणि जवळ आणला की विझायचा. मामा, मला हसू आणि रडू एकदमच आलं.

बुधवारी किल्लीवाल्यानं तो तुकडा डोक्यात बसवून दिला. आता गाडी रोज सुरू होते, कशीही, कुणीही.

पण हे म्हणतात, "तीन म्हनजे तीन. मी त्या मानसाले या म्हनून राह्यलो, आता नाई कसं म्हनू? आन् चालू गाडीले भावबी बरा भेटते." गाडी बरी झाली म्हणून आता ती जाणार! यावर तुमच्याकडे काही पाना नाही, मला ठाऊक आहे.

 आईंशी बोलायला मला तोंड नाही.

सुनयना


बेला
१८ जानेवारी २०२६

उद्धवराव भाऊले सोजरबाईचा रामराम.

मले लिहिता येत नाई. मी सांगून राह्यली आन् सुनयना लिहून राह्यली. तिले बजावलं हाय, मी म्हनीन तसंच लिहाचं, आपलं शानपन मधात घालाचं नाई.

तुमी लय शिकलेले. गाडीचं पोट कुठं दुखते ते कागदावरून सांगता. तुमच्या कागदांत बॅटरी आली, पंप आला, झाडूवाला आला, समदं आलं. पोरीनं वाचून दाखवलं. आता माह्यं आयका.

दसऱ्याले ते किल्ली माह्याच हातून पाट्यावर पडली. डोकं फुटलं तवा त्यातून हा काळा दाना निंगाला. मी सुरेंद्रले म्हनलं, बापू, हे किल्लीतलं हाय, किल्लीवाल्याले देजो. तो म्हने, आई, प्लास्टिकचा तुकडा हाय, फेक. मी नाई फेकला. आमच्यात पूजेच्या ताटातली वस्तू फुटली तरी तिचा तुकडा बाहीर टाकत नाई. विळ्याची मूठ फुटली तरी ते विळ्यासंगंच बांधून ठेवतो. ज्याचं हाय त्याच्यापाशी असावं. म्हनून फडक्यात बांधला. पूजेतलं कोरं बांधू नाई, म्हनून दोन अक्षता घातल्या. लोकं म्हनले ताईत. पोरगीबी म्हनली ताईत. मी कवाच ताईत म्हनलं नाई. मले वाटलं, किल्लीतलं हाय तं किल्लीपाशी राहू द्या, उद्या कोनी शाना भेटला का बसवून घेऊ. म्हनून रोज बांधत होती.

(मामा, इथं मी लिहायची थांबले होते. आई म्हणाल्या, "काऊन थांबली? लिही.")

आन् आनखी एक. मी रोज सकाळी दारात बसून पाहतो का गाडी निंगाली का नाई. माह्या उमरीत मी बजाराले कवा गेली नाई. माह्या हातची वांगी गेली, मी नाई गेली. हे पोरगी जाते. म्हनून मले वाटे, गाडी चालली पायजे.

आता मंचेरियलवाल्याचं आयका. तो काल आला. गाडी फटकन सुरू झाली, त्याचा चेहरा खुलला. सुरेंद्र किल्ली त्याच्या हातात देऊन राह्यला होता. मी मधात गेली. म्हनलं, बापू, तू तीनदा म्हनला होता. पहिल्या दोनदा किल्ली तिच्या हातात होती. तिसऱ्यांदा कोनाच्या हातात होती? कोनी सोडलं ते फडकं? तुह्यी चूक तू तिच्या नावावर कशी लिहितू?

 चार मानसं पाहून राह्यले होते. सुरेंद्रनं किल्ली खिशात घातली. मंग त्या मानसाले म्हने, सेठ, माफ करा, आईची मर्जी नाई. चहा पाजला आन् लावून देला. रात्री जेवताना पोरीले म्हने, मले बजारात नेशीन का एखाद् दिवस? मी तोंडात घास होता म्हनून हसली नाई.

भाऊ, तुमच्यावर राग नाई. तुमी दूर, तुमाले काय मालूम. पन दोन मयने तुमी दोघं कागदावर कागद लिहून राह्यले. पोरीनं त्या वहीत हवा लिहिली, ऊन लिहिलं, पेट्रोल लिहिलं. मी त्याच घरात बसून होती. मले कोनी पुसलं नाई.

हे लिहिता लिहिता पोरगी रडून राह्यली. तिले म्हनलं, कागद भिजवू नको, रामाजी दारात उभा हाय. आन् रडाचं असन तं मंग रड. आधी गाडी काड, मेथी सुकून राह्यली.